मुलगा आहे तरी किती टक्के?

गेल्या महिन्यांत एके दिवशीं सकाळीं आमच्या एका दिवंगत स्नेह्याच्या पत्नी आमच्या घरीं आल्या. हातांत कापडी पिशवी, आणि पिशवींत प्लास्टिकच्या पाकिटांत जपून ठेवलेले तीन कागद. पाण्याचा पेला हातीं घेण्यापूर्वींच त्यांनीं ते कागद आमच्या मेजावर ओळीनें मांडले आणि म्हटलें, "भावोजी, तुम्ही लिहितां-वाचतां, म्हणून विचारतें. माझा मुलगा आहे तरी किती टक्के?"

प्रश्न ऐकून आम्हांस प्रथम हसूं आलें. कागद वाचल्यावर तें मावळलें. मुलगा आमच्या मांडीवर खेळलेला. लहानपणच्या आजारानें त्याचा एक पाय कांहींसा आखूड व अशक्त राहिला, आणि दोन्ही कानांनीं त्यास कमी ऐकूं येतें. पदवी घेतली आहे, अक्षर सुरेख आहे, हिशेबांत चूक म्हणून सांपडावयाची नाहीं. तिन्ही कागद सरकारी वैद्यकीय मंडळांचे; तिन्हींवर गोल शिक्के आणि प्रत्येकावर तीन-तीन सह्या. पहिला २०१९ सालचा : पाय २५, कान २०, एकूण ३९ टक्के. दुसरा अपील केल्यानंतरचा, २०२१ सालचा : पाय ३०, कान २०, एकूण ४३ टक्के. ह्या दुसऱ्या कागदाच्या बळावर त्यानें राखीव जागेसाठीं परीक्षा दिली, निवड झाली, घरीं पेढे वांटले गेले. आणि मग रुजू होण्यापूर्वींच्या फेरतपासणींत तिसरा कागद हातीं पडला : पाय २५, कान १८, एकूण ३८ टक्के. राखीव जागेस ४० लागतात. नेमणूक थांबली ती थांबलीच.

"पाय वाढला नाहीं, कान सुधारले नाहींत," वहिनी म्हणाल्या, "मुलगा तोच, आई तीच. मग हे आंकडे कोणाचे? शिवाय पंचवीस आणि वीस पंचेचाळीस होतात कीं! एवढें गणित तर मलाहि येतें."

ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथल्या तेथें देतां आलें नाहीं. नंतरचे पंधरा दिवस आम्हीं कायदा, सरकारच्या मार्गदर्शक सूचना आणि न्यायालयांचे निवाडे चाळण्यांत घालविले, व त्यांतून जें हातीं लागलें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों. असे कागद एकट्या वहिनींच्याच पिशवींत नाहींत. २०११ च्या खानेसुमारींत आपल्या देशांत २ कोटि ६८ लक्ष माणसें अपंग म्हणून नोंदलीं गेलीं. त्यांपैकीं महाराष्ट्रांतलीं जवळजवळ ३० लक्ष. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे प्रकार सातच होते. २०१६ च्या कायद्यानें ते २१ केले. तेव्हां आज गणती झाली तर आंकडा वाढेल, कमी होणार नाहीं.

प्रथम वहिनींचें गणित. त्यांची बेरीज शाळेच्या नियमानें बरोबर आहे, पण सरकारचा नियम निराळा आहे. २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें दोन व्यंगें एकाच देहांत असलीं तर त्यांची सरळ बेरीज करीत नाहींत. मोठा आंकडा तसाच ठेवावयाचा. नव्वदांतून तो वजा करून जें उरेल त्यानें लहान आंकड्यास गुणावयाचें, गुणाकारास नव्वदानें भागावयाचें, आणि येईल तें मोठ्या आंकड्यांत मिळवावयाचें. नव्वदांतून पंचवीस गेले, उरले पासष्ट. पासष्टास विसानें गुणलें, तेराशें. त्यास नव्वदानें भागलें, साडेचौदाला थोडें कमी. पंचविसांत मिळवले कीं होतात ३९.४४. म्हणजे चाळिसाला अर्ध्या टक्क्याहून किंचित् अधिक उणे. दुसऱ्या कागदावर पायाचे पांच वाढले, तर उत्तर ४३.३३ आलें. तिसऱ्यावर पायाचे पांच आणि कानाचे दोन गेले, तर बरोबर ३८. तिन्ही ठिकाणीं गणित अचूक आहे. मंडळांनीं बेरजेंत चूक केली असा आरोप कोणासहि करतां येणार नाहीं.

ह्या सूत्रामागील विचारहि वेडगळ नाहीं. साठ टक्के अंध आणि साठ टक्के पंगु असलेला मनुष्य एकशेंवीस टक्के अपंग म्हणतां येत नाहीं. दुसरें व्यंग हें पहिल्यानें शिल्लक ठेवलेल्या शक्तींतून कापून घेतें, असें धरून हा हिशेब बसविला आहे. कागदावर तें पटतें. पण रस्त्यावर? वहिनींच्या मुलास मागून येणाऱ्या मोटारीचा कर्णा नीट ऐकूं येत नाहीं, आणि ती अगदीं जवळ आल्यावर कळलें तर पायामुळें चट्कन बाजूस होतां येत नाहीं. कान धड असते तर पाय निभावता, पाय धड असता तर कान निभावते. दोन व्यंगें एकत्र आलीं म्हणजे एकमेकांस सूट देत नाहींत; बहुधा एकमेकांस बळ देतात. प्रत्येकीं वीस टक्क्यांचीं दोन व्यंगें असणारास हें सूत्र साडेपस्तीस टक्के देतें, आणि चाळिसाच्या दाराशीं उभें करून परत पाठवितें.

आतां मापाकडे वळूं. पाय आणि कान हे सोन्यासारखे तराजूंत घालतां येत नाहींत. २००१ च्या नियमांत पाय आखूड असल्यास पहिल्या अर्ध्या इंचास कांहीं नाहीं, आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचास ४ टक्के, असा दर होता. अर्धा इंच म्हणजे किती? रोगी मेजावर किंचित् तिरका निजला, किंवा टेप हाडाच्या टोकावरून बोटभर सरकला, तर तेवढा फरक सहज पडतो. स्नायूंचें बळ शून्य ते पांच अशा पायऱ्यांनीं मोजतात. त्यांतील वरच्या पायऱ्या डॉक्टर आपल्या हातानें किती विरोध करतो आणि रोगी त्याविरुद्ध किती रेटतो ह्यावर ठरतात. एका डॉक्टरांचा हात जड, दुसऱ्यांचा हलका. कानांची गोष्ट याहून नाजूक. ऑडिओग्राम काढतांना सूर ऐकूं आला कीं बटण दाबावयाचें असतें. खोलीबाहेर गलका असला, त्या दिवशीं सर्दी असली, अथवा मुलगा घाबरून न ऐकलेल्या सुरालाहि बटण दाबीत गेला, तर आलेख बदलतो. वहिनींचा मुलगा हा दुसऱ्याचें बोलणें न कळलें तरी मान हालवून हो म्हणणारा. कानांनीं अधू असलेल्या पुष्कळांस ही संवय लागते. चारचौघांत लाज नको म्हणून. ती संवय घेऊन तो तपासणीच्या खोलींत गेला आणि त्याचे दोन टक्के कमी झाले असतील, अशी आमची समजूत आहे. ह्यांत डॉक्टरांचा दोष काढावा असें आम्हांस वाटत नाहीं. जिल्ह्याच्या ठिकाणीं ठराविक वारीं मंडळ बसतें, बाहेरच्या बांकांवर आणि पायऱ्यांवर माणसें दाटीवाटीनें बसलेलीं असतात, आणि प्रत्येकास मिळणारीं मिनिटें बोटांवर मोजण्याइतकीं.

मापांत पांच टक्क्यांचा फरक पडणें हें मनुष्यस्वभावास धरून आहे. खरी अडचण ह्यापुढें सुरू होते. पांच टक्क्यांचा फरक पोटांत घेईल अशी व्यवस्था असती, तर वहिनींना आमच्या घरापर्यंत यावें लागलें नसतें. परंतु चाळीस ही रेघ सुरीच्या पात्यासारखी आहे. तिच्या अलीकडे कांहीं नाहीं आणि पलीकडे सर्व कांहीं, असा समज कचेऱ्यांतून आणि घरांतूनहि रूढ झाला आहे.

हा समज अर्धाच खरा आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. २०१६ च्या कायद्यानें दिव्यांग व्यक्तीची जी व्याख्या केली तींत टक्क्याचें नांव नाहीं. देहाचें, मनाचें, बुद्धीचें किंवा इंद्रियांचें दीर्घकाळ टिकणारें वैगुण्य, आणि त्याशीं जगांतल्या अडथळ्यांची गांठ पडून समाजांत बरोबरीनें वावरण्यास होणारी आडकाठी, अशी ती व्याख्या आहे. म्हणजे दोष केवळ पायांत नसून पायरींतहि आहे, हें कायद्यानें मान्य केलें. ४० टक्क्यांची अट लागते ती 'लक्षणीय दिव्यांगत्व' ह्या निराळ्या वर्गास. राखीव जागा व कांहीं विशेष सवलती त्या वर्गासाठीं आहेत. भेदभाव न होण्याचा हक्क, गरजेप्रमाणें वाजवी सोय करून मागण्याचा हक्क, हा ३९ टक्क्यांसहि आहे आणि १९ टक्क्यांसहि आहे. २०२१ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयापुढें सनदी परीक्षेस बसणाऱ्या एका उमेदवाराचें प्रकरण आलें होतें. लिहितांना त्याच्या हातास पेटके येत. त्यास लेखनिक नाकारला गेला होता, कां, तर त्याचें अपंगत्व लक्षणीय वर्गांत बसत नाहीं. न्यायालयानें सांगितलें कीं सोय देण्यासाठीं ती अट लावतां येत नाहीं. त्यास अनुसरून १० ऑगस्ट २०२२ रोजीं केंद्र सरकारनें ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असून लिहिण्यास अडचण असणाऱ्या परीक्षार्थींसाठीं स्वतंत्र सूचनाहि काढल्या. हें ठाऊक नसल्यामुळें ३९ चा कागद रद्दी समजून कपाटांत टाकणारीं घरें आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत.

तरी पण मूळ गोंधळ उरतोच. आणि तो आमच्या मतें असा आहे कीं, आंकडा एक आणि त्याला विचारले जाणारे प्रश्न अनेक. वैद्यकीय मंडळ देहाचें वैगुण्य मोजतें. मग तोच आंकडा घेऊन एक कचेरी विचारते, ह्यास पोट भरतां येईल काय? दुसरी विचारते, ह्यास एकट्यानें प्रवास करतां येईल काय? तिसरी विचारते, ह्यास शिकतां येईल काय? ज्यानें कापड मोजलें त्याच गजानें दूध मोजावयास घ्यावें, तसें हें झालें आहे.

एका डोळ्याचें उदाहरण घ्या. एक डोळा निरोगी आणि दुसरा पूर्ण गेलेला, अशा मनुष्यास अपंगत्वाच्या सूचनांप्रमाणें ३० टक्के मिळतात. अर्थात् राखीव जागा नाहीं. उलट १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टांत, दुसरा डोळा चांगला असून एक डोळा गमावणाऱ्याची मिळकतीची शक्ति ४० टक्के कमी झाली असें धरलेलें होतें. डोळा तोच, काळोख तोच. एका कोष्टकानें देहाकडे पाहिलें, दुसऱ्यानें मजुरीकडे. पण ज्याचा डोळा गेला त्यास हें कोणी समजावून सांगत नाहीं. त्याच्या हातीं नुसता आंकडा येतो.

मासिक साहाय्याची गोष्ट अशीच. १९८० सालीं सुरू झालेल्या आपल्या राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेंत, उत्पन्नाच्या अटींत बसणारास, ४० टक्के पुरतात. केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनासाठीं मात्र ८० टक्के लागतात, घर दारिद्र्यरेषेखालीं असावें लागतें, आणि इतकें करून केंद्राचा वांटा मिळतो तो महिना ३०० रुपये. ७५ टक्के अपंग असलेली एखादी विधवा राज्याच्या दृष्टीनें निराधार ठरते आणि केंद्राच्या दृष्टीनें ठरत नाहीं. आगगाडीची रीत तर आणखी न्यारी. तेथें बहिऱ्या प्रवाशास सवलत मिळावयाची तर त्यास बोलतांहि येत नसलें पाहिजे. दोन्ही दोष एकाच व्यक्तींत पूर्णपणें असावे असा नियम आहे. दोन्ही कानांनीं ठार बहिरा, पण आईच्या अपार खटाटोपानें बोलावयास शिकलेला मुलगा ह्या सवलतीस मुकतो. आईनें त्यास बोलतें केलें हीच जणूं चूक झाली!

विदर्भांतील व खानदेशांतील वाचकांस सिकलसेलचा आजार नवा नाहीं. गडचिरोली-चंद्रपुराकडे आणि नंदुरबारच्या डोंगरांत अनेक आदिवासी घरांतून तो पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. २०१६ च्या कायद्यानें हा रक्तदोष, तसाच थॅलेसेमिया व हिमोफिलिया, अपंगत्वांत धरला, ही मोठीच सुधारणा. उच्च शिक्षणांत ज्या निदान ५ टक्के जागा लक्षणीय दिव्यांगांसाठीं राखावयाच्या, त्यांवर ह्या मुलांचा हक्क आहे. परंतु सरकारी नोकरींतील ४ टक्के जागांसाठीं त्याच कायद्यानें जी यादी दिली तींत अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, मनोबौद्धिक व बहुविकलांग असे वर्ग आहेत, रक्तदोष नाहींत. म्हणून ती मुलगी महाविद्यालयांत शिरतांना दिव्यांग असते, आणि पदवी घेऊन बाहेर पडतांना, निदान नोकरीच्या अर्जापुरती, नसते. मधल्या काळांत तिचें रक्त बदललेलें नसतें. हिंवाळ्यांत सांधे धरतात, रक्त चढवावें लागतें, महिन्यांतून चार दिवस अंथरुणांत जातात. जीस नेमाची हजेरी देणें सर्वांत कठीण, तिलाच नोकरीच्या दारांत सवलत नाहीं. कायदा करणाऱ्यांनीं कांहीं हिशेबानेंच तसें केलें असेल; तो हिशेब आम्हांस मात्र सांपडला नाहीं.

आणि अशा विसंगतींचा कळस झाला तो वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशांत. २०२४ सालीं महाराष्ट्रांतील एका विद्यार्थ्यास बोलण्याचें व्यंग होतें, आणि तें ४० टक्क्यांहून थोडें अधिक भरलें. राखीव जागेसाठीं ४० हवेत, ते होते. पण त्या वेळच्या नियमांचा अर्थ असा लावला गेला कीं, ४० वा अधिक टक्के वाग्दोष असणारास हा अभ्यासक्रमच घेतां येत नाहीं! चाळिसाच्या खालीं असतां तर जागा नाहीं, वर असतां तर पात्रता नाहीं. दार उघडतें म्हणून आंत पाऊल टाकावें तों आंत भिंतच. मुलगा सर्वोच्च न्यायालयांत गेला. न्यायालयानें पुण्याच्या बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयास मंडळ नेमून एवढेंच पाहावयास सांगितलें कीं, हा मुलगा प्रत्यक्ष हा अभ्यासक्रम पुरा करूं शकेल काय? मंडळानें पाहिलें, आणि करूं शकेल असें कळविलें. सप्टेंबरांत त्यास प्रवेश देण्याचा हुकूम झाला, आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजीं न्यायालयानें आपलीं कारणें दिलीं : नुसत्या टक्क्यांवरून कोणास अपात्र ठरवूं नये, कार्यक्षमता पाहावी, आणि मंडळानें नकार दिला तर तो कां दिला हें लिहावें.

'कां' हें लिहावें, हा शेवटचा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. वहिनींच्या तिन्ही कागदांवर आंकडे आहेत, पण दुसऱ्या मंडळास पायांत जे पांच टक्के अधिक दिसले ते तिसऱ्यास कां दिसले नाहींत, ह्याविषयीं एक ओळहि नाहीं.

देह आणि काम ह्यांतला हा भेद न्यायाधीशांस आज सुचलेला नाहीं. १९७५ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयापुढें एका सुताराचा दावा होता. कामावर अपघात होऊन त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचें म्हणणें, परिशिष्टांत ह्या इजेस ७० टक्के लिहिले आहेत. न्यायालय म्हणालें, सुताराला एका हातानें काम करतां येत नाहीं. त्याची हानि संपूर्ण आहे. रंधा धरावयास एक हात आणि लांकूड दाबावयास दुसरा, हें ज्यानें सुताराचें दुकान पाहिलें आहे त्यास कोष्टकावांचून कळतें. ह्याच्या उलट, २०१० सालच्या एका मोटार-अपघाताच्या निवाड्यांत चीज विकून पोट भरणाऱ्या एका गृहस्थाच्या दाखल्यावर डाव्या पायाचें अपंगत्व ४५ टक्के लिहिलें होतें; न्यायालयानें तें संपूर्ण देहाच्या व त्याच्या धंद्याच्या हिशेबानें तपासून मिळकतीची हानि २० टक्के धरली. एकदां सत्तराचे शंभर झाले, एकदां पंचेचाळिसांचे वीस. दोन्ही निर्णय आम्हांस योग्य वाटतात, कारण दोन्ही ठिकाणीं मनुष्य काय काम करतो हें विचारलें गेलें.

मग टक्के टाकून देऊन प्रत्येकास 'तुला काय करतां येतें' एवढेंच विचारावें काय? विलायतेंत तसा प्रयत्न चालू आहे. तेथें २०१३ पासून अपंगांच्या एका भत्त्यासाठीं रोजच्या व्यवहाराचे गुण देतात. स्वयंपाक, स्नान, चालणें ह्यांस निरनिराळे गुण. ८ गुणांस साधा भत्ता, १२ गुणांस वाढीव. चालण्याच्या बाबतींत २० मीटर ही एक मोठी रेघ आहे. म्हणजे आपली चाळिसाची रेघ तेथें जमिनीवर आंखली आहे इतकेंच. शिवाय कामास लायक आहे कीं नाहीं ह्याची परीक्षा निराळी, २००८ पासूनची. तेव्हां एकाच मनुष्यास एक खातें अपंग म्हणून भत्ता देतें आणि दुसरें त्यास कामावर जा म्हणतें, असे प्रकार तेथेंहि घडत आले. त्या भत्त्याच्या तक्रारी न्यायासनापुढें सुनावणीस गेल्या तेव्हां अनेक वर्षें निम्म्याहून अधिक तक्रारदारांच्या बाजूनें निकाल लागले. इतक्या दूरचा दाखला दिला तो एवढ्यासाठींच कीं, प्रश्न नीट विचारला तरी उत्तर घाईनें लिहिलें तर तें चुकतें.

आंकड्याच्या बाजूनेंहि दोन शब्द बोलले पाहिजेत. आंकडा नसता तर साहेबाच्या मर्जीवर सर्व गेलें असतें. ज्याची ओळख तो अपंग आणि ज्याची नाहीं तो धडधाकट, असा कारभार झाला असता. आंकड्यानें गरिबाच्या हातीं दाखवावयास कांहीं तरी दिलें. आणि खोटेपणा आपल्याकडे नाहीं असेंहि नाहीं. २०२४ सालीं महाराष्ट्र संवर्गांतील एका परिवीक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांविषयीं आरोप होऊन देशभर गदारोळ उठला. त्यानंतर फेरतपासणीची मागणी ठिकठिकाणीं जोरानें होऊं लागली. फेरतपासणी व्हावी, आमची हरकत नाहीं. पण लबाडी शोधण्याची तपासणी आणि पाय मोजण्याची तपासणी ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ४३ चे ३८ झाले म्हणजे कोणी लबाडी केली असें सिद्ध होत नाहीं. दोन प्रामाणिक मंडळांत तेवढें अंतर पडूं शकतें हें वर दाखविलेंच आहे. असें असतां वहिनींच्या मुलास कचेरींतील एका कारकुनानें, "पहिला दाखला कोठून मिळविला होता?" असें विचारलें. ह्या एका प्रश्नानें तो पोरगा आठ दिवस घरांतून बाहेर पडला नाहीं.

येथें आपल्या घरांविषयींहि थोडें बोललें पाहिजे. राखीव ह्या शब्दास नाक मुरडण्याची आपल्या बैठकींतून जी खोड आहे ती ह्या मुलाच्या वाटेंतहि आडवी आली. त्याच्या काकांनीं पहिल्या वर्षीं प्रमाणपत्र काढूं दिलें नाहीं. कां, तर पुढें लग्नाच्या वेळीं चर्चा होईल, आणि आपल्या घराण्यांत कोणी असल्या कुबड्या घेतल्या नाहींत. ऐकूं न येणें ही कुळाची अब्रू नव्हे आणि कानाचें यंत्र ही कुबडी नव्हे. मुलीचे कान दोन्ही बाजूंनीं केस सोडून झांकणाऱ्या आया आम्हांस ठाऊक आहेत. त्या मुली मागच्या बांकावर बसून नापास होतात, आणि मग आपण त्यांना मंद म्हणतों.

आतां वहिनींच्या कागदांकडे. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्क कायद्यानें दिला आहे, आणि तिसऱ्या कागदाबाबत तो त्यांनीं बजावावा असें आम्हीं सुचविलें. अर्ज आमच्या मेजावर बसूनच लिहिला गेला. "चाळीस करून द्या" असें त्यांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. पायाचें माप कोणत्या रीतीनें घेतलें, स्नायूंचें बळ कोणत्या पायरीचें धरलें, आणि मागील मंडळापेक्षां तें कमी कां धरलें, हें लेखी मागितलें आहे. कानांसाठीं, बटण दाबण्यावर अवलंबून नसलेली बेरा चाचणी करावी अशी विनंती केली आहे. ज्या पदासाठीं निवड झाली त्या पदाच्या कामांची यादी सोबत जोडली आहे. मुलानें स्वतः एक वाक्य घालावयास सांगितलें : आपण गेलीं तीन वर्षें एका खासगी पेढीचा हिशेब सांभाळीत आहों, आणि मालक आपल्याशीं समोर उभे राहून बोलतात, एवढी एकच सोय आपणांस लागते. वहिनींना हें वाक्य नको होतें. ह्यानें टक्के आणखी कमी होतील अशी त्यांना धास्ती. माय-लेकांत त्यावरून बराच वाद झाला. अखेर वाक्य राहिलें.

चारहि कागदांच्या तीन-तीन प्रती काढून, एक प्रत आमच्या कपाटांत ठेवून, वहिनी पिशवी घेऊन गेल्या. चाचणीची तारीख पुढील महिन्यांतील दुसऱ्या मंगळवारची मिळाली आहे. मंडळाचें उत्तर आलें म्हणजे तें, कांहींहि असलें तरी, ह्याच पानावर देऊं.